रिलीजचा निर्णय उघडपणे कसा घ्यायचा: तीन-चार जणांच्या ओपन सोर्स प्रकल्पासाठी

कोड गिटवर (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीत) आहे, परवाना मुक्त आहे, चेंजलॉगही (बदलांची यादी) लिहिला जातो. तरीही रिलीज (लोकांना द्यायची नवी आवृत्ती) कधी काढायचं ते दोघं जण फोनवर ठरवतात आणि बाकीच्यांना टॅग (त्या आवृत्तीची गिटमधली खूण) पडल्यावर कळतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ज्या छोट्या प्रकल्पांत मी थोडाफार हात लावलाय, तिथे हीच चूक पाहिली. सगळ्यात आधी ती मीच केली होती.

आमचं आंब्याच्या पेट्यांच्या हिशेबाचं एक सॉफ्टवेअर आहे. बागायतदार पेट्या पाठवतो, वाशीच्या दलालाकडून पट्टी (विक्रीचा हिशेब) येते, हुंडेकऱ्याचं (माल वाहून नेणाऱ्याचं) भाडं आणि हमाली वजा होते, ते सगळं त्यात टिपायचं. एका एप्रिलमध्ये, ऐन हंगामात, आम्ही रक्कम पूर्ण रुपयात आणण्याचा नियम बदलला. आधी प्रत्येक ओळीवर पूर्णांक व्हायचा, नव्या आवृत्तीत फक्त शेवटच्या बेरजेवर. उदाहरणापुरतं पेटीमागे ४२.५० रुपये भाडं धरा आणि ७, ११ आणि ५ पेट्यांच्या तीन ओळी घ्या. जुन्या पद्धतीने २९८, ४६८ आणि २१३, म्हणजे ९७९. नव्या पद्धतीने ९७७.५०, म्हणजे ९७८. फरक एका रुपयाचा. पण पट्टी जुळेना म्हटल्यावर देवगडच्या एका काकांचा फोन आला, "गेल्या आठवड्यात येगळो आकडो येय होतो, आज येगळो येता. ह्यां कोणी बदलल्यान?"

त्या "कोणी"ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नवा नियम बरोबर की जुना, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण तो याच रिलीजमध्ये घ्यायचा हे कुठे ठरलं, कोणी हरकत घेतली होती का, हंगाम संपेपर्यंत थांबता आलं असतं का, यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. होतं ते एवढंच, फोनवरचं "आज काढून टाकूया."

खालची पद्धत त्यानंतर हळूहळू बसवलेली आहे. तिच्यात क्रमाला सगळ्यात जास्त महत्त्व आहे. निकष तारखेच्या आधी लिहायचे, हरकती टॅगच्या आधी मागवायच्या, आणि कारण घोषणेच्या आधी नोंदवायचं. हे मागेपुढे झालं, की लोकांना झालेली गोष्ट कळते, ठरताना काही बोलता येत नाही.

सुरुवात करण्याआधीची तयारी

कोडच्याच रेपॉझिटरीत (कोड साठवायच्या जागेत), अगदी वरच्या फोल्डरमध्ये, "रिलीजचे नियम" नावाची एक फाईल करा. वेगळ्या ठिकाणच्या डॉक्युमेंटमध्ये हे ठेवू नका. रेपॉझिटरीतल्या फाईलला इतिहास असतो. कुठली ओळ कोणी आणि कधी बदलली ते सहा महिन्यांनीही निघतं. बाहेरच्या डॉक्युमेंटची परवानगी एखाद्या दिवशी कोणीतरी बदलतो आणि दुवा उघडेनासा होतो.

त्या फाईलमध्ये पहिली गोष्ट लिहायची ती ही, की निर्णय कोणाचा. इथे पुष्कळांचा गैरसमज असतो. उघड निर्णय म्हणजे सगळ्यांनी मिळून घेतलेला निर्णय, असं त्यांना वाटतं. लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) मुख्य आवृत्ती लिनस टोरवाल्ड्स काढतात, मतदान होत नाही. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत प्रत्येक आवृत्तीला नेमलेला रिलीज मॅनेजर (रिलीजची जबाबदारी घेणारा माणूस) असतो. अपाचे फाउंडेशनच्या प्रकल्पांत मतं घेतात. तिन्ही ठिकाणी बाहेरच्या माणसालाही शेवटचा शब्द कोणाचा ते ठाऊक असतं. तुमच्याकडे एकच माणूस ठरवत असेल तर तसं सरळ लिहा. न लिहिता एकट्याने ठरवत राहणं वाईट.

रिलीज मॅनेजरबरोबर एक पर्यायी माणूसही नेमा, आणि जमलं तर तो दुसऱ्या गावचा असू द्या. जून-जुलैत आमच्याकडे वीज गेली की नेटही जातं, आणि दोघं एकाच फीडरवर असले तर दोघंही गप्प. आमचा पर्यायी माणूस पुण्याला असतो. त्याला हापूस खायला मिळत नाही अशी त्याची तक्रार आहे, ती रास्त आहे.

मग कोणाला झळ बसेल त्यांची यादी. नावं नकोत, प्रकार लिहा: रोज पट्टी भरणारे बागायतदार, छापील हिशेब घेणारी सोसायटी, आपलं पॅकेज पुढे वाटणारे, भाषांतर करणारे. पुढे प्रत्येक बदलाला "हे यांतल्या कोणाला लागेल?" असं विचारता येतं.

*तपासा:* ज्याने प्रकल्पात आजवर एक ओळही लिहिलेली नाही अशा एखाद्याला फोनवर रेपॉझिटरी उघडून द्या. "पुढचं रिलीज कोण ठरवणार?" याचं उत्तर त्याला लॉगिन न करता सापडलं पाहिजे.

पायरी १: निकष लिहा, तेही शांततेत

निकष रिलीजच्या आठवड्यात लिहायचे नाहीत. त्या वेळी हातात असलेला बग सोयीचा वाटेल असाच निकष लिहिला जातो. मागचं रिलीज निवळलं, पुढचं अजून दूर आहे, तेव्हा बसा.

"पुरेसं स्थिर झालं की काढू" हा निकष होत नाही, कारण दोन माणसं त्यावरून दोन उत्तरं देतील. ज्याचं उत्तर हो किंवा नाही असंच येतं ते लिहा. आमच्या फाईलमधले काही असे आहेत:

जुन्या आवृत्तीतला डेटा नव्यात उघडतो आणि एकूण बेरीज रुपयापर्यंत तीच येते. आली नाही तर फरकाचं कारण रिलीज नोंदीत लिहिलेलं आहे.
नेट बंद असताना पट्टी भरता येते.
मराठी आणि इंग्रजी दोन्ही आकड्यांत छापील हिशेब निघतो.
ब्लॉकर (रिलीज अडवणारा बग) म्हणून मान्य झालेला एकही बग उघडा नाही.

पहिल्या ओळीतलं दुसरं वाक्य देवगडच्या त्या फोनमुळे आलं, हे सांगायला नकोच.

बगांची तीव्रताही इथेच ठरवून ठेवा. डेबियन या लिनक्स वितरणात क्रिटिकल, ग्रेव्ह आणि सीरियस या तीन श्रेणींतले बग रिलीज अडवणारे मानतात, आणि कुठल्या श्रेणीत काय बसतं त्याची व्याख्या आधीच लिहिलेली असते. एवढं बारीक तुम्हाला लागणार नाही. दोन श्रेणी पुरतात, "अडवतो" आणि "अडवत नाही". डेटा जातो, हिशेब चुकतो किंवा प्रोग्राम उघडतच नाही ते सगळं पहिल्या श्रेणीत.

*सावधान:* निकष कधीच बदलायचे नाहीत असं नाही. पण फ्रीझ (रिलीजआधी नवे बदल घेणं थांबवण्याचा काळ) लागल्यावर बदललेला निकष पुढच्या रिलीजपासून लागू, ही एक ओळ फाईलमध्ये असू द्या. नाहीतर अडचणीचा निकष रात्रीत गळून पडतो.

पायरी २: तारीख ठरवताना वापरणाऱ्याचं कॅलेंडर घ्या

तारखा दोन तऱ्हेने ठरतात. एक, तारीख पक्की आणि त्या दिवशी जे तयार असेल तेच जाईल. उबुंटू (आणखी एक लिनक्स वितरण) दर एप्रिल आणि ऑक्टोबरला येतं ते असं. दुसरी, तयार झालं की काढू. डेबियनची चाल तशी. छोट्या प्रकल्पाला मी पहिली सुचवेन, कारण "तयार झालं की" म्हणताना "कोणाच्या मते तयार?" हा प्रश्न दर वेळी नव्याने उभा राहतो. पण पक्की तारीखसुद्धा हलू शकते. उबुंटूची २००६ सालची एप्रिलची आवृत्ती जूनमध्ये आली, आणि तिचा क्रमांकच ६.०६ (वर्ष आणि महिना) आहे. हलवायची तर कारणासह, आणि आधीची तारीख उलटण्यापूर्वी.

इथे कोकणातल्या प्रकल्पांची एक वेगळी गंमत आहे. प्रोग्रामरचं कॅलेंडर आणि वापरणाऱ्याचं कॅलेंडर जुळत नाही. शनिवार-रविवारी मोकळे असतो म्हणून आम्ही रविवारी रात्री रिलीज काढायचो, आणि सोमवारी पहाटे गाडी भरताना बागायतदार ते उघडायचा. त्यामुळे आता नियम असे आहेत. आंब्याच्या हिशेबात मार्च ते मे या काळात फक्त दुरुस्तीचं रिलीज, नवीन काही नाही. मोठं रिलीज दिवाळीनंतर, मोहोर येत असताना, म्हणजे पेटी भरायच्या आधी लोकांना हाताळायला दोन-तीन महिने मिळतात. आमचा एक मित्र होड्यांच्या डिझेल-बर्फाच्या खर्चाचा प्रोग्राम सांभाळतो. त्याच्यासाठी गणित बरोबर उलटं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात, तेव्हाच त्याचं मोठं रिलीज.

आणि गणपतीच्या आठवड्यात काहीच नाही. त्या दिवसांत बग कळवला तरी तो वाचायला कोणी नसतं, सगळे आरतीला.

हे सगळं "रिलीजचे नियम" फाईलमध्ये तारखांसह लिहा: फ्रीझ कधी, पहिली आरसी (रिलीजसाठी उमेदवार आवृत्ती) कधी, निर्णय कधी, रिलीज कधी. वर्षातून एकदा लिहिलं की झालं.

*तपासा:* निर्णयाची तारीख आणि रिलीजची तारीख यांत किमान दोन दिवस आहेत ना? एकाच दिवशी असतील तर "नाही" म्हणायला जागाच राहत नाही.

पायरी ३: ब्लॉकरची यादी

इथे जरा थांबून वाचा, कारण रिलीजवरची बहुतेक भांडणं याच टप्प्यावर होतात.

ब्लॉकर म्हणजे जो सुटल्याशिवाय रिलीज निघत नाही तो बग. फेडोरा या लिनक्स वितरणाची पद्धत इथे उचलण्यासारखी आहे. कोणताही वापरकर्ता बग ब्लॉकर म्हणून सुचवू शकतो. सुचवताना कुठला लिखित निकष मोडतो ते सांगावं लागतं. मग त्यावर उघड चर्चा आणि मत होतं, आणि बग "मान्य" किंवा "अमान्य" म्हणून नोंदला जातो. फ्रीझ असताना आत घ्यायला हरकत नाही, पण त्यासाठी रिलीज अडवायचं नाही, अशांसाठी तिसरं खातं असतं, फ्रीझमधून सवलतीचं.

आमच्या इश्यू ट्रॅकरवर (बग आणि कामं नोंदवायच्या जागेवर) यासाठी चार लेबलं आहेत: "ब्लॉकर सुचवलेला", "ब्लॉकर मान्य", "ब्लॉकर अमान्य", "फ्रीझ सवलत". लेबल बदलताना एक वाक्य लिहायचंच, त्याशिवाय बदलायचं नाही. वाक्य कसं नको आणि कसं हवं ते बघा.

"हा ब्लॉकर वाटत नाही." यातून काही कळत नाही.

"अमान्य. निकष २ नेट बंद असताना पट्टी भरण्याबद्दल आहे. इथे पट्टी भरली जाते, फक्त फोटो चढत नाही. पुढच्या दुरुस्तीत घेऊ." हे चालेल. समोरच्याला वाद घालायचा असेल तर निकष २ चा अर्थ धरून घालता येतो, माणसाशी भांडावं लागत नाही.

अमान्य झालेले बग लपवायचे नाहीत, बंदही करायचे नाहीत. लेबल लावून उघडे ठेवा. पुढे तोच बग महाग पडला, तर तेव्हा काय विचार केला होता ते दिसतं. आमच्या बाबतीत दोनदा असं झालंय. दोन्ही वेळा "अमान्य" लिहिणारा मीच होतो आणि ते वाक्य अजून तिथे आहे. खाली कोणीतरी हसणारा चेहराही लावून ठेवलाय.

नेहमीच्या चुका: मेंटेनरने (प्रकल्प सांभाळणाऱ्याने) स्वतःचा बग स्वतःच अमान्य करणं. व्हॉट्सॲपवर ठरवून ट्रॅकरवर फक्त लेबल बदलणं. आणि सगळ्यात वारंवार होणारी म्हणजे तारीख जवळ आली की मान्य ब्लॉकरची तीव्रता गुपचूप उतरवणं. ब्लॉकर वगळायचाच असेल तर वगळा, पण "वगळला" असं लिहून, आणि कोणी वगळला तेही.

*सावधान:* फोनवर बोलायला बंदी घालू नका, कोणी पाळणार नाही. त्याऐवजी एवढं ठरवा, की फोनवर जे ठरलं ते त्याच दिवशी ट्रॅकरवर लिहिलं गेलं नाही, तर ते ठरलंच नाही असं धरायचं.

पायरी ४: फ्रीझ आणि आरसी

फ्रीझच्या दिवशी रिलीजची ब्रांच (कोडची वेगळी शाखा) काढा आणि तिच्यात काय जाऊ शकतं ते एका ओळीत जाहीर करा: मान्य ब्लॉकरची दुरुस्ती, भाषांतर, सवलत मिळालेले बग. बाकी सगळं मुख्य ब्रांचवर पुढच्यासाठी.

मग पहिली आरसी, म्हणजे रिलीजसाठी उमेदवार आवृत्ती. कर्नलमध्ये दोन आठवडे नवे बदल घेतात आणि नंतर दर आठवड्याला एक आरसी, साधारण सातवी किंवा आठवी होईपर्यंत. आपल्याला दोन पुरे. पण प्रत्येक आरसी खऱ्या वापरणाऱ्याच्या हातात गेली पाहिजे. आम्ही तीन बागायतदारांना गेल्या वर्षीच्या पट्ट्या पुन्हा भरायला देतो, आणि आकडे जुळले का तेवढंच विचारतो.

आरसीत काही फुटलं, तर नवं वैशिष्ट्य दुरुस्त करत बसण्याआधी ते काढून टाकायचा विचार करा. मोठे प्रकल्पही हेच करतात, आणि उघडपणे करतात. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या १५व्या आवृत्तीत यायची असलेली एसक्यूएल-जेसन वैशिष्ट्यं रिलीजच्या थोडं आधी मागे घेतली गेली. ती आवृत्ती १३ ऑक्टोबर २०२२ रोजी त्यांच्याविना आली, आणि ते काम तुकड्या-तुकड्याने पुढच्या आवृत्त्यांत गेलं. पायथॉन ३.१३ ची तारीख १ ऑक्टोबर २०२४ होती. न लागणारी मेमरी मोकळी करणाऱ्या यंत्रणेतला (गार्बेज कलेक्शनमधला) एक बदल काही ठिकाणी वेग कमी करतो असं दिसल्यावर तो उलटवला, एक जादा आरसी काढली आणि रिलीज ७ ऑक्टोबरला गेलं. दोन्ही वेळा काय काढलं आणि का, ते रिलीजच्या आधी लोकांसमोर होतं.

पायरी ५: निर्णय, लेखी

सगळी पद्धत या टप्प्यासाठी आहे.

इश्यू ट्रॅकरवर "३.२.० रिलीज करायचं का?" असा एक इश्यू उघडा. त्यात आरसीचा टॅग, निकषांची यादी आणि प्रत्येकापुढे हो किंवा नाही, उघड्या ब्लॉकरची संख्या, आणि मुदत. अपाचेत रिलीजचं मतदान किमान ७२ तास उघडं ठेवायची प्रथा आहे; किमान तीन बंधनकारक होकार लागतात आणि होकार नकारांपेक्षा जास्त असावे लागतात. एकट्या माणसाच्या नकाराने तिथे रिलीज अडत नाही. ७२ तासांची मुदत आम्ही जशीच्या तशी घेतली. बैठकीपेक्षा ती बरी पडते, कारण संध्याकाळी सातच्या बैठकीत वीज गेली की निम्मे लोक गायब, आणि मग "मी होतो कुठे तेव्हा?" सुरू होतं.

अपाचेची आणखी एक अट उचलाच. होकार देणाऱ्याने पॅकेज स्वतःच्या मशीनवर उतरवून, डिजिटल सही पडताळून, बिल्ड करून (कोडवरून प्रोग्राम तयार करून), चालवून बघितलेलं असावं. नुसता अंगठा वर केलेला आम्ही मोजत नाही. होकाराबरोबर कुठल्या मशीनवर काय तपासलं ते एका ओळीत.

मुदत संपली की रिलीज मॅनेजरने निर्णयाची नोंद लिहायची. आमची एक नोंद, थोडी छोटी करून:

निर्णय: ३.२.० आता काढत नाही. आरसी२ नंतर पुन्हा विचार.
कोणी: रिलीज मॅनेजर. रिलीजला होकार १, नकार २.
कारण: निकष १ पूर्ण नाही. दोन वर्षांपूर्वीचा डेटा उघडल्यावर हमालीची बेरीज वेगळी येते.
विरुद्ध मत: एका मेंटेनरचं म्हणणं, इतका जुना डेटा फारसं कोणी उघडत नाही, रिलीज करावं. विचारात घेतलं, पण सोसायटी जुने हिशेब तपासणीसाठी काढते, म्हणून मान्य केलं नाही.
काय बदललं तर निर्णय बदलेल: ती बेरीज जुळली, किंवा फरकाचं कारण समजून नोंदीत लिहिलं गेलं, तर.
पुढची तारीख: आरसी२ नंतर ७२ तास.

शेवटून दुसरी ओळ लोक सोडून देतात आणि तीच सगळ्यात कामाची. "नाही" ऐकणाऱ्याला आपण आता काय करायचं ते त्यातून कळतं. विरुद्ध मताची ओळही गाळू नका. ती गाळली की सगळे एकमताने होते असं चित्र उभं राहतं, आणि ज्याचं म्हणणं गेलं तो पुढच्या वेळी बोलत नाही.

होकाराचा निर्णय असेल तरी नोंद तशीच लिहायची. हा आळस आम्हीही करतो. "सगळं ठीक, काढलं" एवढंच लिहून मोकळे. मग वर्षाने कोणी विचारलं, की तो नियम याच आवृत्तीत का आला, तर शोधाशोध.

*तपासा:* नोंदीची वेळ टॅगच्या वेळेच्या आधीची आहे का? नंतरची असेल तर निर्णय आधीच झाला होता आणि नोंद फक्त सोपस्कार म्हणून लिहिली गेली.

पायरी ६: जे ठरलं तेच बाहेर गेलं का

होकार मिळाला त्याच कमिटवर (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलावर) सही केलेला टॅग लावा. "फक्त एक टायपो" म्हणून मध्ये एक कमिट घुसवायचा मोह होतो. घुसवलात तर होकार दुसऱ्याच गोष्टीला दिलेला होता. टायपो पुढच्या वेळी.

टॅग उघडा आणि पॅकेज मात्र कोणाच्या तरी लॅपटॉपवर तयार झालेलं, ही फट मोठी आहे. २९ मार्च २०२४ रोजी एक्सझेड या फाईल दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमधला मागचा दरवाजा उघडकीला आला तो याच फटीतून आत आला होता. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या टारबॉलमध्ये (वाटायच्या कोडच्या गठ्ठ्यात) बिल्डची एक फाईल अशी होती जी गिटमधल्या कोडमध्ये नव्हती. कोड वाचणाऱ्याला ती दिसणारच नव्हती. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना एसएसएच (दूरच्या संगणकात शिरायची सुरक्षित सोय) लॉगिनला अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला, म्हणून ते सापडलं.

आपल्या हातात एवढं आहे: पॅकेज टॅगवरून स्वयंचलित बिल्डमधून काढा, बिल्डची पूर्ण नोंद सगळ्यांना दिसेल अशी ठेवा, आणि शा-२५६ची बेरीज (फाईल बदलली का ते दाखवणारा आकडा) निर्णयाच्या इश्यूमध्येच चिकटवा. दुसऱ्या एकाने टॅगवरून स्वतः टारबॉल बनवून आपल्याशी ताडून पाहायचा. अँड्रॉइड ॲप असेल तर एफ-ड्रॉइडचा (मुक्त ॲप्सच्या साठ्याचा) विचार करा. तिथे बिल्ड मूळ कोडवरून ते लोक स्वतः करतात.

पायरी ७: रिलीज नोंद

कमिटची यादी चिकटवणं म्हणजे रिलीज नोंद झाली नाही. वर तीन परिच्छेद असू द्या: वापरणाऱ्याला काय वेगळं दिसेल, माहीत असूनही काय तसंच सोडलंय, आणि निर्णयाच्या इश्यूचा दुवा. मधला परिच्छेद लिहिताना हात आखडतो. पण "फोटो चढत नाही, माहीत आहे, पुढच्या दुरुस्तीत येईल" असं आधी वाचलेला माणूस रागावून फोन करत नाही.

आकडा बदलत असेल तर उदाहरण द्याच. वर दिलेलं ९७९ आणि ९७८चं उदाहरण आता आमच्या नोंदीत आहे. "पूर्णांकाच्या पद्धतीत सुधारणा" असं लिहिलं असतं, तर कोणाला काय कळलं असतं?

पायरी ८: सुरक्षेचा अपवाद

सुरक्षेचं छिद्र दुरुस्त होण्याआधी त्याचा तपशील उघड करायचा नसतो. इथे थोडा काळ गुप्तता ठेवावीच लागते. पण त्या गुप्ततेचे नियम आधीच उघड लिहिता येतात: कोणाला कळेल, किती दिवस, नंतर काय प्रसिद्ध होईल. लिनक्स डिस्ट्रोंच्या (वितरणांच्या) खाजगी मेलिंग यादीवर ही मुदत जास्तीत जास्त १४ दिवस आहे. तुमच्या फाईलमध्येही आकडा लिहा.

गुप्तता तपशिलाची असते, उशिराची असायची गरज नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीची गंभीर दुरुस्ती १ नोव्हेंबरला येणार एवढंच जाहीर झालं होतं. फेडोरा ३७ त्यासाठी थांबवलं आणि थांबण्याचं कारण उघड सांगितलं. छिद्र नेमकं काय आहे ते तेव्हा बाहेर कोणालाच माहीत नव्हतं. १५ नोव्हेंबरला रिलीज आलं.

*सावधान:* "सुरक्षेचं कारण आहे" ही ढाल होऊ देऊ नका. मुदत संपल्यावर पायरी ५ मधली नोंद, तारखांसह, प्रसिद्ध करायचीच. आठवण राहत नाही म्हणून आम्ही ती तारीख पर्यायी माणसाच्या फोनमध्ये लावतो.

पायरी ९: रिलीज मागे घ्यायची वेळ आली तर

घाईत सगळ्यात जास्त चुका इथे होतात. बिघडलेली आवृत्ती पुसून टाकू नका, आणि तोच क्रमांक देऊन दुरुस्त पॅकेज तर मुळीच चढवू नका. दोन जणांकडे एकाच क्रमांकाच्या दोन वेगळ्या फाईली झाल्या की कोणाकडे काय आहे ते कोणालाच सांगता येत नाही, आणि शा-२५६ची बेरीजही खोटी पडते. ३.२.० बिघडलं तर ३.२.१ काढा. पायपीआयवर (पायथॉन पॅकेजांच्या साठ्यावर) असाल तर "यांक" करा. नव्याने उतरवणाऱ्याला ती आवृत्ती आपोआप मिळत नाही, पण जो नेमकी तीच मागतो त्याचं काम अडत नाही.

मागे घ्यायचा निर्णय ७२ तास थांबू शकत नाही, म्हणून त्याचा अधिकार रिलीज मॅनेजर किंवा पर्यायी माणूस यांपैकी एकाला द्या, आणि नोंद २४ तासांच्या आत. मूळ निर्णयाच्याच इश्यूमध्ये ती जाऊ द्या, म्हणजे होकार देताना काय तपासलं होतं आणि काय सुटलं ते एकाखाली एक वाचता येतं.

ज्यांच्याकडे नेट तुटक असतं ते जुनी आवृत्ती दोन-दोन आठवडे वापरत राहतात, त्यांना नुसत्या इश्यूने कळणार नाही. आम्ही अशा वेळी सोसायटीच्या फळ्यावर हाताने लिहितो: आवृत्तीचा क्रमांक, काय चुकतं, आणि नवी कुठे मिळेल. देवगडचे काका फळा वाचतात, ट्रॅकर नाही. फळ्याचा फोटो मात्र इश्यूमध्ये चढवून ठेवतो.